शेजाऱ्यांचा त्रास: बेल वाजवायच्या आधी काय करायचं आणि नंतर काय

रात्री साडेअकराला मी चौथ्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवली तेव्हा डोक्यात अख्खं भाषण तयार होतं. दोन आठवडे जवळपास रोज रात्री वरून आधी घर्रर्र, मग धडधड, मग आमच्या कपाटातले काचेचे ग्लास किणकिणायला लागायचे, दहा-बारा मिनिटं हा प्रकार आणि मग एकदम शांत. दार उघडलं ते झोपेतून उठलेल्या काकांनी, मागे सगळं घर अंधारात, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात आमच्या दोघांच्या डोक्यावर पुन्हा तीच धडधड सुरू झाली. काका वर बघत म्हणाले, "अहो, आम्हाला वाटत होतं हे तुमच्याकडून येतंय."

आवाज पाचव्या मजल्यावरून येत होता. तिथे नवीन जोडपं राहायला आलेलं, दोघंही उशिरा घरी येणारे, आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीन अगदी नवीन. अशा मशीनच्या मागे ड्रम प्रवासात हलू नये म्हणून बोल्ट लावून पाठवतात आणि ते बसवताना काढायचे असतात, यांचे कोणी काढलेच नव्हते, त्यामुळे ड्रम जोरात फिरायला लागला की अख्खं मशीन जमिनीवर नाचायचं. पान्हा घेऊन पंधरा मिनिटांचं काम. दोन आठवडे मी मनातल्या मनात ज्या काकांना शिव्या घातल्या त्यांचा यात काडीचा संबंध नव्हता.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, आधी आवाज शोधा, माणूस नंतर. उलटं केलं की फसतो.

आवाज नक्की कुठून येतोय

आपल्याला वाटतं डोक्यावर वाजलं म्हणजे वरच्यांनीच वाजवलं. पण हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि काँक्रीटमध्ये ३००० मीटरच्या पुढे, त्यामुळे स्लॅबला, कॉलमला, पाइपला धक्का बसला की तो दोन मजले खाली, शेजारच्या विंगमध्ये, कुठेही निघू शकतो आणि कानाला दिशा कळतच नाही. म्हणून पुढच्या वेळी आवाज आला की चिडायच्या आधी उठा. घरातला फ्रिज, पंखे, एसी दोन मिनिटं बंद करा (हसू नका, आपल्याच फ्रिजचा कॉम्प्रेसर भिंतीला टेकलेला असणं हा प्रकार मी दोन घरांत पाहिलाय). मग प्रत्येक खोलीत जाऊन उभे राहा, भिंतीला तळहात लावा, हाताला थरथर जाणवते का बघा, कॉलमजवळ जास्त की मधल्या भिंतीला जास्त. मग जिन्यात जा, एक मजला वर, एक खाली. दिवसा शेजाऱ्यांना सहज विचारा, "तुम्हालाही येतो का हो हा आवाज?" आरोप नाही, नुसती चौकशी.

नळ पटकन बंद केला की भिंतीत ठण्ण वाजतं, तो पाण्याचा धक्का असतो, पाइप क्लॅम्पमध्ये ढिला असला की अजून जास्त. तो शेजाऱ्यांचा दोष नाही, प्लंबरचं काम आहे. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप यांचंही तसंच, ती तक्रार थेट कमिटीकडे न्यायची.

ढोबळमानाने आवाज दोन प्रकारचे. एक हवेतून येणारा, म्हणजे टीव्ही, बोलणं, गाणी, कुत्र्याचं भुंकणं. हा दाराखालच्या फटीतून, खिडकीतून, भिंतीतल्या वायरच्या भोकांतून आत येतो आणि आपल्या बाजूने बराच कमी करता येतो. दुसरा धक्क्याचा, टाचा आपटत चालणं, खुर्ची ओढणं, मुलांनी उड्या मारणं, मशीन. हा स्लॅबमधूनच येतो आणि जिथे धक्का बसतो तिथेच काहीतरी मऊ घातलं तरच खऱ्या अर्थाने कमी होतो. आपल्या छताला फोम चिकटवून काही होत नाही. अंड्याच्या ट्रे भिंतीला लावायचा सल्ला देणारे अजून भेटतात, त्याने आवाज अडत नाही, फार तर खोलीतला घुमणारा आवाज थोडा कमी होतो, आणि धूळ मात्र भरपूर साठते.

हा फरक कळला की शेजाऱ्याकडे काय मागायचं तेही कळतं. टीव्हीचा त्रास असेल तर टीव्ही कॉमन भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेता येईल का, स्पीकर जमिनीवर ठेवलाय तो स्टँडवर, खाली रबर घालून ठेवता येईल का. बेसचा धमधम आवाज भिंतीला जुमानत नाही, गाण्याचे शब्द येत नाहीत पण ढुम ढुम येतं ते यामुळेच, तेव्हा "आवाज कमी करा"पेक्षा "फक्त बेस कमी करा" हे मागणं लोक पटकन मान्य करतात, कारण त्यांचं गाणं चालूच राहतं.

वही ठेवा

कंटाळवाणं आहे पण दोन आठवडे करा. तारीख, वेळ, किती मिनिटं, कसला आवाज, कुठल्या खोलीत, बस. "मंगळवार, रात्री ११.४० ते ११.५२, घर्रर्र आणि मग धडधड, बेडरूम, ग्लास वाजत होते." एवढंच. "परत यांची नाटकं सुरू" असलं त्यात लिहू नका, कारण ही वही उद्या कमिटीला दाखवायची वेळ आली तर ते वाक्य तुमच्यावरच उलटतं.

वहीचा अजून एक उपयोग आहे जो मला अपेक्षित नव्हता. लिहायला लागल्यावर कळतं की जे "रोज रात्रभर" वाटत होतं ते आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं आहे. एकदा कान त्या आवाजाला लागले की आवाज नसतानाही आपण त्याची वाट बघत पडून राहतो. कधी उलटंही होतं, वही बघून कळतं की प्रकार खरंच भयंकर आहे आणि आपण उगाच सहन करतोय. दोन्ही बाबतीत आकडा हातात असलेला बरा.

मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप टाका, पण त्यावर फार विसंबू नका. बहुतेक ॲप माणसाच्या कानाच्या हिशोबाने मोजतात आणि त्यात खालच्या सुराचे आवाज, म्हणजे नेमकी धडधड आणि बेस, कमी धरले जातात. रेकॉर्डिंगचंही तेच, फोनचा माइक बोलणं पकडायला बनवलेला, त्यात तुमच्या छताची धडधड मुंगी चालल्यासारखी ऐकू येते आणि समोरचा म्हणतो, एवढंच? त्यापेक्षा पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवून पाण्यावर उठणाऱ्या लाटांचा व्हिडिओ काढा, तो बघून कोणी वाद घालत नाही.

अंदाजासाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झोपायच्या खोलीत सतत येणारा आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि मधूनच येणारा एखादा आवाज ४५ पर्यंत असावा असं म्हटलंय. आणि १० डेसिबल वाढले म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं, त्यामुळे ४० आणि ५० मध्ये "दहाच तर आहेत" असं नसतं.

बोलायला कधी आणि कसं जायचं

आवाज चालू असताना जाऊ नका, मी गेलो तसं. तेव्हा आपलं डोकं तापलेलं असतं, समोरचा घरच्या कपड्यात असतो, कदाचित पाहुणे असतात, आणि पाहुण्यांसमोर कोणालाच ऐकून घ्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा, एकटे जा. तीन-चार जण मिळून गेलात की तो मोर्चा वाटतो. लिफ्टमध्ये गाठून बोलू नका, तिथून पळता येत नाही म्हणून माणूस चिडतो.

पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. "तुमच्याकडे फार आवाज असतो हो" म्हणालात की समोरचा लगेच "आमच्याकडे? आम्ही तर नऊलाच झोपतो" म्हणणार आणि संभाषण तिथेच संपणार. मी साधारण असं म्हणतो: "ताई, मी खाली तिसऱ्यावर राहतो. आमची बेडरूम तुमच्या हॉलच्या बरोब्बर खाली येते. रात्री खुर्ची सरकली की खाली फार मोठं वाजतं, तुम्हाला वर कळतही नसेल." यात शेवटचं वाक्य मुद्दाम आहे आणि खरंही आहे, वरच्या माणसाला स्वतःची खुर्ची कर्र एवढीच ऐकू येते, खाली ती छत फोडते. शक्य असेल तर सरळ म्हणा, एकदा खाली येऊन ऐका, मी वर जाऊन खुर्ची ओढतो. आमच्या ओळखीच्या एका घरात हे केलं तेव्हा वरच्या दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, दोन मिनिटं ते नुसते छताकडे बघत उभे होते.

आणि मागणं नेमकं मागा. "आवाज करू नका" हे कोणालाच पाळता येत नाही, माणूस घरात राहणार, चालणार, भांडी घासणार. "मशीन रात्री दहाच्या आत लावाल का", "खुर्चीच्या पायांना पॅड लावाल का" हे पाळता येतं. पॅड तर मी स्वतःच घेऊन जातो. खुर्चीला चिकटवायचे फेल्टचे पॅड मिळतात, पण ओल्या फरशीवर ते आठ-दहा दिवसांत निघून येतात, त्यापेक्षा पायात घालायचे रबरी बूट किंवा जुना टेनिसचा बॉल चिरून पायात बसवलेला जास्त टिकतो. दिसायला वाईट दिसतं, हे मान्य.

लहान मुलं असतील तर जरा सबुरीने. तीन वर्षांच्या पोराला "पळू नको" सांगून ते पळायचं थांबलं असं जगात कुठे झालेलं नाही, आणि त्याच्या आईला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिथे मागायचं ते एवढंच की खेळायच्या खोलीत जाड मॅट, आणि रात्री एका ठराविक वेळेनंतर उड्या त्या खोलीतच. "तुमच्या मुलाला वळण नाही" हे वाक्य तोंडातून गेलं की पुढची पाच वर्षं विसरा.

बेल वाजवायची हिंमत होत नसेल तर चिठ्ठी टाका, पण खाली नाव आणि फ्लॅट नंबर लिहा. निनावी चिठ्ठी मिळालेला माणूस आधी बिल्डिंगमधल्या प्रत्येकावर संशय घेतो, मग मुद्दाम जास्त आवाज करतो. आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कृपा करून, नाही. "काही लोकांना समजायला हवं की" असा मेसेज टाकला की ज्याचा संबंध नाही त्या सात जणांना राग येतो, ज्याचा संबंध आहे तो अंगठा टाकतो, आणि रात्री बारापर्यंत पार्किंगचा जुना वाद वर येतो.

बोलून आल्यावर चार-पाच दिवस थांबा. फरक पडला तर भेटल्यावर आवर्जून सांगा की "मशीनचा आवाज बंद झाला, थँक्यू". हे लोक विसरतात, आणि मग दुसऱ्यांदा काही सांगायला जायची वेळ आली की आपण फक्त तक्रार करणारा माणूस ठरतो.

नाहीच ऐकलं तर

दोनदा नीट बोलून झालं, तरी तेच चालू, तर मग लेखी. समोरचे भाडेकरू असतील तर घरमालकाला कळवा, आपण स्वतः भाड्याने असू तर आपल्या मालकाला, आणि कमिटी असेल तर सेक्रेटरीला अर्ज. अर्ज एक पानाच्या वर नको. कधीपासून, काय, किती वेळा, कुठल्या तारखांना बोलणं झालं, आणि तुम्हाला काय हवंय. वहीतल्या नोंदींची प्रत मागे जोडा. आणि अर्जाच्या आपल्याकडच्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि सही, नाहीतर सहा महिन्यांनी "आमच्याकडे असा काही अर्ज आलाच नाही" ऐकायला मिळतं. ईमेल केला तर उत्तमच, तारीख आपोआप राहते. अजून कोणाला त्रास होत असेल तर त्यांना त्यांचा वेगळा अर्ज द्यायला सांगा, एकाच कागदावर दहा सह्यांपेक्षा तीन वेगळे अर्ज जास्त जड असतात, असा माझा अनुभव.

मधल्या काळात दोघांच्याही ओळखीचं कोणी असेल, ज्याचं दोन्ही घरं ऐकतात, त्याला मध्ये घाला. भांडण आवाजावरून सुरू झालेलं असतं पण नंतर ते "तो मला असं बोललाच कसा" यावर अडकतं, आणि ते सोडवायला तिसराच माणूस लागतो.

पोलिस कधी? रात्री उशिरा जोरदार पार्टी चालू आहे, सांगूनही बंद होत नाही, किंवा धमकी दिली, अंगावर आले, तर लगेच. स्थानिक नियमांमध्ये बहुतेक ठिकाणी रात्रीचे शांततेचे तास ठरलेले असतात, ते आधी बघून ठेवा म्हणजे फोनवर नेमकं सांगता येतं. फोन केल्याची वेळ वहीत लिहा.

आणि एक गोष्ट वेगळी. भिंतीपलीकडून येणारा आवाज मारहाणीचा असेल, कोणी मदतीसाठी ओरडत असेल, लहान मूल भेदरून रडत असेल, तर त्याची वहीत नोंद करत बसायचं नाही. तेव्हा स्वतः आत घुसायचंही नाही, सरळ इमर्जन्सी नंबर लावायचा. चुकीचा अंदाज निघाला तर थोडी लाज वाटेल, एवढंच होईल.

काय करू नये तेही सांगतो कारण मोह सगळ्यांनाच होतो. काठीने छत ठोकणं: धक्का स्लॅबमधून जातो, म्हणजे तुम्ही शेजारच्या आणि खालच्या निरपराध लोकांनाही उठवता. छताला स्पीकर लावून बदला घेणं: आता वही ते ठेवणार, आणि तक्रार तुमच्यावर. त्यांच्या दाराकडे तोंड करून कॅमेरा लावणं, त्यांची मेन स्विच बंद करणं, चपला लपवणं, गाडीची हवा सोडणं, यातलं काहीही केलं की तुमची बरोबर असलेली बाजू एका रात्रीत चुकीची होते.

तोपर्यंत झोप तर हवी

प्रश्न सुटायला महिना-दोन महिने जातात. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा, खिडकीच्या कडांना सील लावा, कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो कारण जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. कॉमन भिंतीला पुस्तकांनी खचाखच भरलेलं कपाट लावा, पलंग त्या भिंतीपासून लांब करा. पंखा किंवा एकसुरी आवाजाचं ॲप लावलं की बोलण्याचे तुकडे त्यात बुडून जातात.

इअरप्लग बहुतेक लोक चुकीचे घालतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही. फोमचा प्लग बोटांत वळून अगदी बारीक काडीसारखा करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लटकत असेल तर बसलेला नाही. धडधडीवर मात्र हे फारसं चालत नाही, ती हाडांतून आणि गादीतून येते.

आवाज सोडून बाकीचं

कुत्रा दिवसभर भुंकत असेल तर बहुधा तो घरी एकटा असताना भुंकतोय, म्हणजे मालकाला खरंच माहीत नसतं आणि तुम्ही खोटं बोलताय असं वाटतं. इथे मात्र रेकॉर्डिंग कामाला येतं, भुंकणं फोन छान पकडतो. भांडायला नका दाखवू, "तुमचा कुत्रा एकटा असला की घाबरतो बहुतेक" म्हणून दाखवा, कुत्र्यावर जीव असलेला माणूस लगेच हलतो.

सिगरेटचा धूर खिडकीपेक्षा जास्त वेळा बाथरूमच्या डक्टमधून आणि पाइपभोवतीच्या भोकांतून येतो. अगरबत्तीचा धूर त्या भोकांजवळ धरून बघा, कुठे हवा आत येतेय ते दिसतं, मग ते बुजवा.

गळतीसाठी वरच्यांशी भांडायच्या आधी परीक्षा करा: त्यांच्या बाथरूमच्या जाळीत रंगीत पाणी ओतायचं आणि खाली ओल रंगीत होते का बघायचं, रंग यायला दिवस-दोन दिवसही लागू शकतात. सतत ओल असेल, पाणी वापरा नाहीतर वापरू नका, तर बहुधा नळाची लाइन, अंघोळीनंतर वाढत असेल तर ड्रेनेज किंवा फरशीचे सांधे. आणि पॅसेजमधलं सामान, सायकली, चपलांची कपाटं, याची तक्रार आवडीनिवडीवरून करू नका, आग लागली तर बाहेर पडायची वाट अडते, एवढा एकच मुद्दा मांडा, तो पुरतो.

पाचव्या मजल्यावरचं ते जोडपं आता भेटलं की हसतं, काकाही. गेल्या महिन्यात रविवारी सकाळी आमची बेल वाजली, दारात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी. म्हणाल्या, "रागावू नकोस हं, पण रात्री तू कॉम्प्युटरवर बसतोस ना, ती चाकांची खुर्ची..." मी त्यांना आत बसवलं, खुर्ची उलटी केली, चाकांत अडकलेले केस आणि दोरे काढले, आणि खाली टाकायला मॅट शोधायला लागलो.